साथीच्या काळात पोराची शाळा अडली तर: आधी पोच, मग बाकी सगळं

साथ आली की मोबाइलवर सल्ल्यांचीही साथ येते. ‘मंत्र्यांना टॅग करा’, ‘हेडमास्तरांना कलम दाखवा’. शाळा अडलेल्या पोरांच्या घरी जाऊन आईवडिलांना मदत करायचं काम मी २०२० पासून कोल्हापुरात पेठेतल्या घरांतून करतोय. असल्या सल्ल्याने एकाही पोराचं नाव हजेरीपटावर चढलेलं बघितलं नाही.

तुम्हीही अशा मदतीला कोणाच्या घरी गेलात तर कायदा वाचून दाखवू नका. नेमकं काय अडलंय ते विचारा आणि तेवढंच सांगा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. वय ६ ते १४, पहिली ते आठवी. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं तर जुन्या शाळेने दाखला लगेच द्यायचा असतो, आणि तो आला नाही म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नसतो. जन्माचा पुरावा नाही, या कारणानेही नाही. आठवी होईतो नाव कमी करता येत नाही. हक्क मागायला संकोचणारे आजोबा असतील तर शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, एवढी आठवण करून द्या. कलमापेक्षा ते लवकर उमगतं.

फीचा विषय निघाला तर १५ टक्के कपातीचा जीआर (शासन निर्णय) नाचवू नका. तो ऑगस्ट २०२१ चा, त्याच शैक्षणिक वर्षापुरता.

आता अर्ज. इथंच माझं नाक कापलं गेलं होतं. पहिला अर्ज मी पाच पानी लिहिला: दाखला, फी, पोषण आहाराचे तांदूळ, सगळं एकात. तो तीन टेबलांवर फिरला आणि प्रत्येक टेबलाने ‘हे आमच्याकडे नाही’ म्हटलं. वर पोच घेतली नव्हती. महिन्याने विचारायला गेलो तर, ‘कसला अर्ज?’

तेव्हापासून एक मागणी, एक पान. मुलाचं नाव, इयत्ता, कोणत्या तारखेला कोणी काय नाकारलं, काय हवंय. बस. दोन प्रती न्यायच्या. एक टेबलावर, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का. हीच पोच. ‘साहेब नाहीत, ठेवून जा,’ असं क्लार्क म्हणेल. ठेवायचं नाही. आवक घ्यायला साहेब लागत नाहीत. तरी घेत नसतील तर तिथून थेट पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करा, पावती अर्जाला टाचा. तोंडी नकाराला कागदावर काडीची किंमत नाही.

सही मात्र आईवडिलांचीच घ्या, तुमची नको. एक आई पेन हातात धरून बसून राहिली होती: ‘दादा, पोरावर डूख धरतील की.’ भीती खोटी नाही. तिला हसू नका. कायद्यात मुलाला मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे, हे सांगा आणि अर्ज द्यायला सोबत जा. एकटीला पाठवलंत तर ती कागद पदरात घेऊन परत येते.

आधी मुख्याध्यापक. तिथं हललं नाही तर शहरात महापालिकेची प्राथमिक शिक्षण समिती, करवीर-हातकणंगल्यासारख्या तालुक्यांत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने (महापालिका, जिल्हा परिषद वगैरे) म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. पटला नाही तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. तिथंही पहिल्यांदा तोच शिक्क्याचा कागद मागतात. झेरॉक्स द्या, मूळ प्रत घरीच ठेवा.