मिरर की स्नॅपशॉट : एलव्हीएम व्हॉल्यूमची मांडणी सुरक्षितपणे कशी बदलावी

दिवाळीच्या आसपास कापसाची आवक सुरू झाली की हिंगणघाट, वणी, अकोट अशा बाजारपेठांच्या परिसरात जिनिंगच्या काट्यावरचा संगणक सकाळपासून रात्रीपर्यंत मोकळा मिळत नाही. काटापट्ट्या, गाठींचा हिशेब, शेतकऱ्यांचे चुकारे हे सारे त्यातच असते आणि बऱ्याच ठिकाणी हा ‘सर्व्हर’ म्हणजे लिनक्स घातलेला, दोन डिस्कचा साधा डेस्कटॉपच असतो. अशा संगणकावर साठवणुकीसाठी एलव्हीएम (डिस्कवरील जागेचे ‘व्हॉल्यूम’ नावाचे लवचिक भाग करणारी लिनक्सची व्यवस्था) वापरलेले असेल तर व्हॉल्यूमची मांडणी नंतरही बदलता येते. एकेरी व्हॉल्यूमचा मिरर करता येतो, मिररमधली एक प्रत वेगळी काढता येते, स्नॅपशॉट घेऊन तो पुन्हा मूळ व्हॉल्यूममध्ये मिसळता येतो. यातले बहुतेक काम ‘एलव्हीकन्व्हर्ट’ या एकाच आज्ञेने होते, त्यामुळे पर्याय नीट वाचून, क्रम ठरवून मगच ती चालवावी.

कोणती मांडणी कशासाठी आहे, हे आधी ठरवले पाहिजे. मिररमध्ये प्रत्येक नोंद दोन्ही डिस्कवर एकाच वेळी लिहिली जाते, म्हणून एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. पण कारकुनाने चुकून एखाद्या दिवसाच्या काटापट्ट्या पुसल्या तर त्या दोन्हीकडून पुसल्या जातात. स्नॅपशॉट त्या क्षणाची स्थिती राखून ठेवतो, म्हणून माणसाच्या हातून झालेली चूक त्यातून मागे घेता येते. मात्र स्नॅपशॉटमध्ये फक्त बदललेल्या भागांची जुनी प्रत असते आणि बाकी सारे तो मूळ व्हॉल्यूममधूनच वाचतो, त्यामुळे मूळ व्हॉल्यूम गेला की स्नॅपशॉटचाही उपयोग उरत नाही. या दोन्हींमुळे बाहेरच्या डिस्कवरील बॅकअपची गरज संपत नाही, आणि पुढचे काहीही करण्यापूर्वी तो बॅकअप घेऊन उघडून पाहिलेला असावा.

पुढील उदाहरणात व्हॉल्यूम ग्रुपचे, म्हणजे डिस्कची जागा एकत्र केलेल्या साठ्याचे, नाव ‘कापूस’, त्यातील ४०० जीबीच्या व्हॉल्यूमचे नाव ‘हिशेब’ आणि दोन डिस्कवरील भाग ‘एसडीए२’ व ‘एसडीबी१’ असे मानले आहे. आज्ञा वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रूट (सर्वोच्च) अधिकाराने, रोमन लिपीतील छोट्या अक्षरांत टाइप कराव्यात. आकाराच्या एककातील ‘जी’ हे अक्षर तेवढे मोठे लिहिण्याची पद्धत आहे. सर्व पर्याय पूर्ण नावाने लिहिले आहेत, कारण एका अक्षराच्या पर्यायांत लहान-मोठ्या अक्षराचा घोळ होतो.

सुरुवातीला सध्याची मांडणी पाहून घ्यावी :

एलव्हीएस --ऑल --ऑप्शन्स +सेगटाइप,डिव्हायसेस कापूस
व्हीजीएस कापूस
व्हीजीसीएफजीबॅकअप कापूस

पहिल्या आज्ञेने कोणता व्हॉल्यूम कोणत्या प्रकारचा आहे आणि कोणत्या डिस्कवर बसला आहे ते दिसते. यादीत ‘रेड१’ आणि ‘आरइमेज’, ‘आरमेटा’ अशी नावे दिसली तर तो नव्या पद्धतीचा मिरर आहे. ‘एमइमेज’ आणि ‘एमलॉग’ दिसले तर जुन्या पद्धतीचा. जुना असेल तर ‘एलव्हीकन्व्हर्ट --टाइप रेड१ कापूस/हिशेब’ या आज्ञेने तो नव्या पद्धतीत आणूनच पुढे जावे. दुसऱ्या आज्ञेने ग्रुपमधली मोकळी जागा कळते. तिसरी आज्ञा मांडणीचा तपशील जतन करते. त्यात आतली माहिती नसते, फक्त कोणता तुकडा कुठे आहे याची नोंद असते, आणि ही फाइल त्याच डिस्कवर न ठेवता पेनड्राइव्हवर घ्यावी हे बरे.

एकेरी व्हॉल्यूमचा मिरर करण्याची आज्ञा अशी :

एलव्हीकन्व्हर्ट --टाइप रेड१ --मिरर्स १ कापूस/हिशेब /डेव्ह/एसडीबी१

येथे ‘मिरर्स १’ म्हणजे मूळ प्रतीखेरीज आणखी एक प्रत. दुसऱ्या डिस्कवर व्हॉल्यूमएवढी जागा तर हवीच, शिवाय प्रत्येक प्रतीसोबत एक छोटा मेटाडेटा (प्रतीच्या स्थितीची नोंद ठेवणारा) भाग तयार होतो आणि त्यासाठी दोन्ही डिस्कवर किमान एक एक्स्टेंट (एलव्हीएमच्या जागावाटपाचा सर्वांत लहान तुकडा) मोकळा लागतो. नेहमीच्या मांडणीत एक्स्टेंट ४ एमबीचा असतो. पहिली डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर एवढ्याशा जागेसाठी आज्ञा नाकारली जाते आणि दुसऱ्या डिस्कवर भरपूर जागा असताना असे का, हे लवकर लक्षात येत नाही. त्यामुळे व्हॉल्यूम बनवतानाच ग्रुपमध्ये थोडी जागा राखून ठेवणे शहाणपणाचे.

आज्ञा लगेच परत येते, पण मिरर तेव्हा तयार झालेला नसतो. प्रती जुळण्याचे काम मागे चालू राहते. सेकंदाला १०० एमबी वेग धरला तर ४०० जीबीला तासाहून थोडा जास्त वेळ लागेल आणि काट्याचे काम चालू असेल तर त्याहून बराच. टक्केवारी अशी पाहावी :

एलव्हीएस --ऑल --ऑप्शन्स नेम,सिंक_पर्सेंट,डिव्हायसेस कापूस

आकडा १०० होईपर्यंत दुसरी प्रत विश्वासाची नाही, आणि तोवर पहिल्या डिस्कला काही झाले तर वाचवणारे काही नाही. मधेच वीज गेली तर संगणक पुन्हा सुरू झाल्यावर जुळवणी पुढे चालू होते. तरीही इन्व्हर्टर लागताना साधा डेस्कटॉप पुष्कळदा रीस्टार्ट होतो, म्हणून या कामापुरता तरी यूपीएस मधे असावा. उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे असा माझा आग्रह आहे. अकोला आणि चंद्रपूर भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून अधिक उकाडा असतो आणि जुळवणी सुरू असताना दोन्ही डिस्क एका दमात पूर्ण वाचल्या-लिहिल्या जातात. ‘स्मार्टसीटीएल’ या डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या आज्ञेने तापमान मधून मधून पाहावे, बऱ्याच डिस्कसाठी उत्पादकांनी ६० अंशांची मर्यादा दिलेली असते आणि तिच्या जवळ पोहोचेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

आता उलट दिशा. समजा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवायची आहे, ती फसली तर मागे येता यावे म्हणून स्नॅपशॉट हवा आहे, पण दोन्ही डिस्क मिररने भरल्या आहेत. यावर दोन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे मिररची एक प्रत सोडून देऊन तिची जागा स्नॅपशॉटला देणे :

एलव्हीकन्व्हर्ट --मिरर्स ० कापूस/हिशेब /डेव्ह/एसडीबी१
एलव्हीक्रिएट --स्नॅपशॉट --नेम जुनेरूप --साइज ४०जी कापूस/हिशेब /डेव्ह/एसडीबी१

पहिल्या आज्ञेत डिस्कचे नाव देणे विसरू नये. नाव न दिल्यास कोणती प्रत टाकायची हे एलव्हीएम स्वतः ठरवते आणि दोनपैकी एक डिस्क आधीच खराब होत असेल तर नेमकी चांगली प्रत जाण्याचा धोका राहतो. आज्ञा देण्यापूर्वी ‘स्मार्टसीटीएल’ने दोन्ही डिस्कची प्रकृती पाहावी आणि कमकुवत डिस्कवरची प्रत सोडावी. मात्र मग स्नॅपशॉटही त्याच कमकुवत डिस्कवर येतो, हे ध्यानात ठेवावे.

स्नॅपशॉटचा आकार किती ठेवावा, याचे उत्तर तो असेपर्यंत मूळ व्हॉल्यूममध्ये किती भाग बदलणार यावर आहे. पावसाळ्यात, जिनिंग बंद असताना, थोडी जागा पुरते. ऐन आवकेच्या दिवसांत डेटाबेस तेच तेच नव्हे तर नवे नवे भागही लिहीत राहतो. स्नॅपशॉटची जागा शंभर टक्के भरली की तो बाद होतो आणि मग त्यातून काहीही परत मिळत नाही. मूळ व्हॉल्यूमला त्याने धक्का लागत नाही. ‘एलव्हीएस’च्या यादीतील ‘डेटा’ हा टक्केवारीचा रकाना रोज पाहावा आणि वेळीच ‘एलव्हीएक्स्टेंड --साइज +१०जी कापूस/जुनेरूप’ अशी वाढ द्यावी. आपोआप वाढण्याची सोय एलव्हीएमच्या सेटिंगमध्ये आहे, पण तिची मर्यादा मुळात १०० वर ठेवलेली असते, म्हणजे ती बंदच असते. ७० केल्यावर ती कामाला लागते, अर्थात ग्रुपमध्ये मोकळी जागा असली तरच. स्नॅपशॉट असेपर्यंत लिहिण्याचा वेगही मंदावतो, कारण प्रत्येक भागावर पहिल्यांदा लिहिताना जुना मजकूर आधी उचलून बाजूला ठेवावा लागतो. म्हणून काम झाले की तो ठेवू नये.

दुसरी वाट मला अशा छोट्या यंत्रांसाठी अधिक पसंत आहे. मिररमधली एक प्रत तात्पुरती बाजूला काढून तीच गोठवलेली प्रत म्हणून वापरायची. रात्री काटा बंद झाल्यावर डेटाबेस थांबवावा, व्हॉल्यूम अनमाउंट (वापरातून वेगळा) करावा आणि मग :

एलव्हीकन्व्हर्ट --स्प्लिटमिरर्स १ --ट्रॅकचेंजेस कापूस/हिशेब

ही आज्ञा पुष्टी मागेल, कारण या क्षणापासून डिस्क गेली तर वाचवणारी दुसरी ताजी प्रत उरत नाही. मिरर शंभर टक्के जुळलेला नसेल तर हे करूच नये. त्यानंतर ‘हिशेब_आरइमेज_१’ या नावाची, फक्त वाचता येणारी प्रत दिसू लागते. मूळ व्हॉल्यूम पुन्हा माउंट करून नवी आवृत्ती बसवावी. दरम्यान कोणते भाग बदलले याची नोंद एलव्हीएम ठेवत असते, त्यामुळे सारे सुरळीत झाल्यावर

एलव्हीकन्व्हर्ट --मर्ज कापूस/हिशेब_आरइमेज_१

एवढे केले की फक्त बदललेले भाग जुळवले जातात आणि तासाचे काम बहुधा काही मिनिटांत आटोपते. स्नॅपशॉटसाठी वेगळी जागा लागत नाही, तो भरून बाद होण्याची भीती नाही आणि लिहिण्याचा वेगही मंदावत नाही.

यात एक खाचखळगा आहे. या ‘मर्ज’ची दिशा एकच आहे : बाजूला काढलेली प्रत नव्या स्थितीला येते. जुनी स्थिती परत आणायची असेल तर ही आज्ञा चालवली की जुनी प्रतच नव्याने झाकली जाते. मागे यायचे असल्यास त्या प्रतीला कायमचे वेगळे करावे :

एलव्हीकन्व्हर्ट --स्प्लिटमिरर्स १ --नेम जुनाहिशेब कापूस/हिशेब

आता ‘जुनाहिशेब’ हा स्वतंत्र, लिहिता येणारा व्हॉल्यूम झाला. ‘एलव्हीरीनेम’ने दोघांची नावे बदलावीत, जुना माउंट करून काटापट्ट्या नीट दिसतात का हे काम करणाऱ्या माणसाकडूनच तपासून घ्यावे, आणि त्यानंतरच बिघडलेला व्हॉल्यूम काढून पुन्हा मिरर करावा. या वेळी जुळवणी पूर्ण होते, म्हणजे पुन्हा तासभर.

स्नॅपशॉटच्या बाबतीत ‘मर्ज’चा अर्थ नेमका उलट आहे, आणि गोंधळ होतो तो येथेच. ‘एलव्हीकन्व्हर्ट --मर्ज कापूस/जुनेरूप’ या आज्ञेने मूळ व्हॉल्यूम स्नॅपशॉटच्या जुन्या स्थितीला जातो, मधल्या साऱ्या नोंदी नष्ट होतात आणि काम संपल्यावर स्नॅपशॉट आपोआप निघून जातो. मूळ व्हॉल्यूम वापरात असेल तर हे मिसळणे लगेच होत नाही, तो पुढच्या वेळी कार्यान्वित होईल तेव्हा सुरू होते. रूट व्हॉल्यूमच्या, म्हणजे ज्यावर लिनक्स स्वतः असते त्याच्या, बाबतीत म्हणजे रीबूटनंतर. दुपारी दिलेली ही आज्ञा विसरून संध्याकाळपर्यंत चुकारे नोंदवत राहिल्यास रीबूटनंतर त्या नोंदी सापडणार नाहीत. जुनी स्थिती नको असेल तर मर्ज करू नये, ‘एलव्हीरिमूव्ह’ने स्नॅपशॉट काढावा. ‘--स्प्लिटस्नॅपशॉट’ हा पर्यायही आहे, पण त्याने मिळतो तो फक्त बदलांचा साठा, पूर्ण प्रत नव्हे; जिनिंगच्या कामात त्याची गरज मला दिसत नाही.

पहिल्या वाटेने गेलेल्याने परत मिररवर येताना आधी स्नॅपशॉट मिसळून वा काढून टाकावा, मगच ‘रेड१’ची आज्ञा द्यावी. मिरर आणि स्नॅपशॉट दोन्ही हवे असतील तर मिरर पूर्ण जुळू द्यावा आणि त्यावर स्नॅपशॉट घ्यावा. स्नॅपशॉटची स्वतःची जागा तेव्हाही एकाच डिस्कवर असते, ती डिस्क गेल्यास स्नॅपशॉट जातो, हिशेब राहतो.

स्नॅपशॉट असो वा वेगळी केलेली प्रत, तिच्यावरील फाइल सिस्टिमचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) मूळचाच असतो. फाइल सिस्टिम एक्सएफएस प्रकारची असेल तर प्रत माउंट करताना ‘नोयूयूआयडी’ हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर ती नाकारली जाते. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम तक्रार करत नाही, आणि तेच अधिक धोक्याचे : सुरू होताना काय माउंट करायचे ते सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये व्हॉल्यूम यूयूआयडीने नोंदवलेला असेल तर रीबूटनंतर कोणती प्रत माउंट होईल याची खात्री उरत नाही. तेथे यूयूआयडीच्या जागी ‘/डेव्ह/कापूस/हिशेब’ असा मार्ग लिहावा, आणि हा बदल पहिली ‘एलव्हीकन्व्हर्ट’ चालवण्याच्या आधी करून, एकदा रीबूट देऊन पाहावा.