समुद्रबर्फ जुना की नवा: रडारवरून ओळखताना

पुण्यातल्या पावसाळ्यात उपग्रहाच्या साध्या फोटोत ढगांखेरीज काही हाती लागत नाही. आर्क्टिकमध्ये ढगांच्या जोडीला हिवाळ्याचा लांबलचक काळोखही असतो, म्हणून तिथे रडारच वापरावं लागतं. सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाची दृश्यं कोपर्निकस डेटा स्पेस या संकेतस्थळावर खातं उघडलं की फुकट मिळतात. ईडब्ल्यू मोड (रुंद पट्टा टिपणारी पद्धत), जीआरडी (जमिनीवरच्या अंतरांनुसार बसवलेली प्रतिमा) आणि एचएच+एचव्ही ही जोडी निवडा. दोन्हींत रडार आडवी लहर पाठवतं; एचएचमध्ये परतलेली आडवी लहर मोजली जाते, एचव्हीमध्ये उभी. पट्टा सुमारे ४०० किमी रुंद आणि पिक्सेल ४० मीटरचा असतो. सुरुवातीला जानेवारी ते मार्चचीच दृश्यं घ्या.

‘स्नॅप’ या उपग्रहदृश्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी थर्मल नॉइज (यंत्राचा स्वतःचा गोंगाट) काढा, मग सिग्मा-नॉटमध्ये (परतणाऱ्या लहरीचं प्रमाणित माप) कॅलिब्रेट करा, ५×५ पिक्सेलचा स्पेकल फिल्टर (दाणेदारपणा कमी करणारा) लावा, त्यानंतर भौगोलिक दुरुस्ती करा, म्हणजे पिक्सेल नकाशावर जागच्या जागी बसवा. डेसिबलमध्ये (लॉग मापात) रूपांतर अगदी शेवटी, कारण लॉग घेतल्यावर काढलेली सरासरी चुकते. बरेच जण अडकतात ते भौगोलिक दुरुस्तीत. टेरेन करेक्शनला (उंचसखलपणा धरून केलेली दुरुस्ती) एसआरटीएम हा जमिनीच्या उंचीचा डेटा दिला तर समुद्र कोरा येतो, कारण ती उंचीची माहिती ६० अंश उत्तरेपर्यंतच आहे. एलिप्सॉइड करेक्शन (पृथ्वी गुळगुळीत धरून केलेली दुरुस्ती) घ्या, प्रक्षेपण ईपीएसजी ३४१३ (उत्तर ध्रुवाभोवतीच्या नकाशाचं).

आता ओळख. बहुवर्षीय, म्हणजे उन्हाळे तगून राहिलेल्या जुन्या बर्फातलं मीठ बरंचसं निथळून गेलेलं असतं आणि वरच्या थरात हवेचे बुडबुडे असतात. सेंटिनेल-१ च्या रडारची (सी-बँड) ५.६ सेंमीची लहर आत शिरून त्या बुडबुड्यांवरून परतते, म्हणून तो एचव्हीमध्ये उजळ दिसतो. पहिल्या वर्षाचा बर्फ खारट असतो, लहर पृष्ठभागापाशीच अडते आणि एचव्ही गडद राहतं. मात्र दाबाने उठलेल्या कडा त्यातही उजळ दिसतात. त्या रेषांसारख्या असतात, तर जुन्या बर्फाचे तुकडे गोलसर. नुसता उजळपणा पाहू नका, आकारही पाहा.

एकट्या एचएचवर निकाल देऊ नका. वाऱ्याने खवळलेलं पाणी त्यात बर्फाइतकंच उजळ दिसतं. शिवाय आपाती कोन (लहर पृष्ठभागावर पडते तो, उभ्या रेषेपासून मोजलेला कोन) पट्ट्यात साधारण १९ ते ४७ अंशांपर्यंत बदलतो, त्यामुळे एकच बर्फ एका कडेला उजळ आणि दुसऱ्या कडेला गडद येतो. पूर्ण दृश्याला एकच उंबरठा (जुना-नवा ठरवणारी उजळपणाची सीमा) लावण्याआधी कोनाची दुरुस्ती कराच. एचव्हीमधले उड्डाणदिशेला समांतर सरळ पट्टे म्हणजे उरलेला नॉइज, बर्फ नव्हे.

कोवळ्या पातळ बर्फावर तुषारफुलं (फुलांसारखे बर्फाचे स्फटिक) उगवली की तोही एचएचमध्ये अचानक उजळतो. तिथे आधीच्या दिवसांची दृश्यं लावून पाहा. जूननंतर ओला बर्फ लहर आत जाऊच देत नाही आणि जुन्या-नव्यातला फरक पुसला जातो. त्या महिन्यांत वयाचं वर्गीकरण करू नका, फेब्रुवारी-मार्चचा नकाशा जपून ठेवा आणि तुकड्यांचा प्रवास मागोवा घेत पुढे आणा.