बी.एस्सी. गणितवाल्यांनो, दुसऱ्या वर्षातच हे करा

ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांत गणित घेतलं असेल तर माधव गणित स्पर्धेची चौकशी विभागात आत्ताच करा. ही पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीची स्पर्धा. बहुपर्यायी प्रश्नांसोबत सविस्तर सिद्धताही लिहाव्या लागतात, आणि खरा कस तिथेच लागतो. पाठांतर तिथे कामाला येत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका घ्या, एका गणिताला अख्खी संध्याकाळ द्या, आणि उत्तर पाहायच्या आधी अडलंय कुठे ते वहीत लिहा. दोघं-तिघं मिळून बसलात तर फारच उत्तम. फळ्यासमोर उभं राहून मित्राला सिद्धता पटवून देताना आपल्याच पळवाटा उघड्या पडतात. चांगली कामगिरी करणाऱ्यांना पुढे शिबिराला बोलावतात.

उन्हाळ्यासाठी एमटीटीएस, म्हणजे मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च. 1993पासून चालणारं निवासी शिबिर. तिथे शिक्षक व्याख्यान देण्यापेक्षा प्रश्न विचारत विद्यार्थ्यांकडूनच गणित घडवून घेतात. अर्ज उन्हाळ्याच्या बऱ्याच आधी मागवतात, म्हणून दिवाळीनंतर संकेतस्थळावर नजर ठेवा.

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला, वाशीच्या पुढचंच स्टेशन. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशी गाठून गाडी बदला. सर्वांसाठी खुली व्याख्यानं असतील तेव्हा जरूर जा, आणि एक तरी प्रश्न विचारा.