सर्व्हिसिंगला सोडलेल्या गाडीचे नुकसान झाल्यास भरपाई कशी मागावी

गणपतीच्या आधीच्या दिवसांत कोकणातल्या गॅरेजांपुढे गाड्यांची रांग लागते आणि त्या घाईत आपण सुपरवायझरच्या हाती किल्ली देऊन तसेच निघतो. संध्याकाळी दारावर पोचा दिसला की, "तो आधीपासूनच होता," हे उत्तर ठरलेले असते आणि ते खोडून काढायला आपल्याजवळ काहीच नसते. म्हणून गाडी सोडतानाच चारही बाजू, टायर, काचा, डॅशबोर्डवरील किलोमीटर आणि इंधनाचा काटा यांचा सलग व्हिडिओ काढावा. आधीचे ओरखडे आपणहून जॉब कार्डावर, म्हणजे गॅरेजच्या कामाच्या नोंदपत्रावर, लिहून घ्यावेत, गाडी परत देण्याची तारीखही त्यावर घालायला लावावी आणि सहीची प्रत घेतल्याशिवाय तेथून हलू नये. ओळखीच्या मेकॅनिककडे हे मागायला संकोच वाटतो, परंतु वाद नेमका ओळखीतच चिघळतो.

दुरुस्तीसाठी दुसऱ्याच्या ताब्यात दिलेल्या वस्तूच्या व्यवहाराला वकील 'बेलमेंट' म्हणतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार, सामान्य समजुतीचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी गॅरेजने आपल्या गाडीची घेतली पाहिजे. गाडी चांगल्या स्थितीत दिली होती एवढे आपण दाखवले की, नुकसान स्वतःच्या हलगर्जीपणामुळे झाले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी गॅरेजवर येते. पावतीमागे बारीक अक्षरांत 'गाडी मालकाच्या जोखमीवर' असे छापलेले असले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. हॉटेलच्या ताब्यातून चोरीला गेलेल्या मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, अशा छापील अटीआड स्वतःचा निष्काळजीपणा लपवता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे.

पुराचा प्रश्न याहून नाजूक आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले, तशा प्रसंगी योग्य काळजी घेऊनही गाडी बुडाली असेल तर कलम १५२ गॅरेजला संरक्षण देते. मात्र पाणी चढत असताना स्वतःच्या गाड्या उंचावर नेऊन गिऱ्हाइकांच्या तशाच ठेवल्या असतील, तर योग्य काळजी घेतली असे म्हणता येणार नाही. गाडी देण्याची ठरलेली तारीख गॅरेजच्या चुकीने उलटून गेली असेल, तर कलम १६१ प्रमाणे त्यानंतरच्या नुकसानीची जबाबदारी त्याचीच राहते. तारखेचा आग्रह वर धरला तो यासाठीच. ट्रायलच्या नावाखाली गॅरेजमधला मुलगा गाडी घेऊन बाजारात मासे आणायला गेला आणि ती कुठे ठोकली, तर निष्काळजीपणा सिद्ध न करताही कलम १५४ खाली भरपाई मागता येते.

नुकसान दिसताच गाडी तेथून हलवण्याआधी फोटो काढावेत, जॉब कार्डावर नोंद करावी आणि सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी करावी, कारण ते काही दिवसांनी पुसले जाते. झालेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क गॅरेजला आहे, त्यामुळे तिथे हुज्जत न घालता बिलावर 'नुकसानीबाबतची हरकत कायम ठेवून रक्कम दिली' असे लिहून पैसे भरावेत. दुसऱ्या ठिकाणचा दुरुस्तीचा अंदाज घेऊन, पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस पोचपावतीसह टपालाने पाठवावी.

स्वतःच्या सर्वंकष विम्यातून दावा केल्यास पैसे लवकर मिळू शकतात, पण नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जातो; किरकोळ पोचा असेल तर मी तो मार्ग घेणार नाही. ट्रायलवर तिऱ्हाईत माणूस जखमी झाला, तर मात्र विमा कंपनीला ताबडतोब कळवावे. गोव्यातील अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये, गाडी दुरुस्तीला दिलेली असली तरी मालकाच्या विमा कंपनीची तिऱ्हाइताबाबतची जबाबदारी संपत नाही, असे ठरवले आहे.

नोटिशीला दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी किंवा थेट जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे गाडी कोल्हापूरच्या शोरूममध्ये बिघडवली असली तरी मालवणच्या माणसाला आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या, ओरोसच्या आयोगात दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची आहे, पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणांत शुल्क नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही.