‘टक्केवारी कशाला शिकायची?’ याचं उत्तर बेदाण्यात

तासगाव, कवठेमहांकाळकडच्या द्राक्षपट्ट्यातल्या वर्गात हा प्रश्न आला की ‘पुढे उपयोगी पडेल’ असं सांगू नका; मुलांना ते पटत नाही. फळ्यावर लिहा: ब्रिक्स २२, द्राक्षं १०० किलो. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या घटकांची, मुख्यतः साखरेची टक्केवारी. म्हणजे ढोबळमानाने २२ किलो घन, बाकी पाणी. बेदाण्यात साधारण १५ टक्के पाणी राहतं, म्हणून घन ८५ टक्के. आता बेदाणा किती निघेल?

इथे बहुतेक मुलं २२ मध्ये १५ टक्के मिळवून २५.३ सांगतात. लगेच खोडू नका. २५.३ चे १५ टक्के काढायला लावा: ३.८ येतात, वजाबाकीनंतर घन २१.५ च उरतं. टक्के कशाचे, हे तिथे उमगतं. मग २२ भागिले ०.८५, म्हणजे जवळपास २५.९ किलो.

आता घाई करून १८ ब्रिक्सला काढणी केली तर? २१.२ किलोच. टनामागे ४७ किलोंचा फरक. किलोला २०० रुपये धरले तरी ९,४०० रुपये. हा आकडा मुलांनाच काढू द्या, तुम्ही आधी सांगितलात तर सगळी गंमत जाते.

विज्ञानाच्या तासाला द्राक्षाच्या मण्यावरचा मेणचट थर दाखवा. तो आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही, म्हणूनच बेदाण्याच्या शेडवर वाळवण्याआधी द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात.

बाग नसलेल्या मुलांसाठी डेअरीच्या पावतीवरचं फॅट घ्या, पण घरचा हिशेब वर्गात वाचायला लावू नका.