भेगांवर मुठेल: आधी पाणी, मग तेल

रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) बियांतून निघणाऱ्या घट्ट तेलाला कोकणात मुठेल म्हणतात, गोव्यात भिरंडेल. टाचेला भेगा पडल्या की ते तापवून भेगेत सोडायची पद्धत जुनीच. तरी रोज लावूनही टाच खरखरीतच राहते, अशी तक्रार असतेच. दोष बहुधा मुठेलाचा नसतो, ते कोरड्याठाक टाचेवर लावलेलं असतं. मुठेल पाणी आत अडवतं, पण आत पाणीच नसेल तर अडवणार काय?

त्वचेचा वरचा थर चिऱ्यांच्या भिंतीसारखा समजा. मेलेल्या चपट्या पेशी म्हणजे चिरे, आणि त्यांच्यामधल्या दर्जांत (फटींत) सिरॅमाइड नावाचे मेद, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं भरलेली. दर्जा उघड्या पडल्या की पाणी उडून जातं, साबण आत शिरतो, कातडी ताठरते आणि चालताना फाटते. मुठेलात स्टिअरिक हे मेदाम्ल सुमारे 55 ते 60 टक्के आणि उरलेलं मुख्यतः ओलेइक. म्हणून ते वरून छान गिलावा करतं. पण सिरॅमाइडचा एक महत्त्वाचा प्रकार बनवायला त्वचेला लिनोलेइक आम्ल लागतं, आणि ते मुठेलात जवळपास नाहीच. करडईच्या तेलात ते 70 टक्क्यांच्या वर असतं. म्हणून दोन्ही एकत्र करून मलम.

करडई घेताना एक बघा. ‘हाय ओलेइक’ वाण बाजारात आहेत, त्यांत लिनोलेइक कमी, ते इथे उपयोगाचे नाहीत. लेबलवर 100 ग्रॅममागे पॉलिअनसॅच्युरेटेड चरबी (लिनोलेइक त्यातच मोजतात) 70 ग्रॅमच्या आसपास हवी. करडई नसेल तर साधं सूर्यफूल चालेल. ऑलिव्ह तेल नको: त्यातलं भरपूर ओलेइक आम्ल दर्जा आणखी सैल करतं. मोहरीचं तेलही नको, उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने त्वचेची दुरुस्ती लांबवली होती.

मुठेलाचा गोळा कडक हवा, दाबला तर तुटणारा. अस्सल मुठेल 38 ते 42 अंशांच्या दरम्यान वितळतं, त्यामुळे बोटांत धरलं तर सावकाश मऊ पडतं. लगेच लिबलिबीत झालं तर वनस्पती तुपाची भेसळ असू शकते. घरगुती मुठेल बिया कुटून, पाण्यात उकळून, वर तरंगलेलं तेल काढून आणि मुठीत वळून करतात, त्यामुळे आत पाण्याचा अंश राहू शकतो. असा गोळा आधी मंद आचेवर वितळवा, तडतड पूर्ण थांबेपर्यंत ठेवा आणि सुती कापडातून गाळा. ही पायरी टाळली तर डबीत बुरशी येऊ शकते.

आता प्रमाण. 40 ग्रॅम मुठेल, 60 ग्रॅम करडई तेल, अर्धा ग्रॅम ई-जीवनसत्त्वाचं तेल (ते करडई खवट होणं लांबवतं). पातेल्यात पाणी गरम करून त्यावर कोरडी वाटी ठेवा, मुठेल वितळलं की आच बंद करून करडई घाला. गार स्टीलच्या ताटलीवर थेंब टाकून पाहा. दहा मिनिटांनी तो मऊ लोण्यासारखा व्हायला हवा. वाहत असेल तर 5 ग्रॅम मुठेल वाढवा, उन्हाळ्यात बहुधा वाढवावंच लागतं. वाटी कोमट झाली की ई-जीवनसत्त्व घालून ढवळा, डब्यांत ओता आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर हळूहळू गोठू दिलं तर रवाळ होतं. रवाळ मलम वाईट नसतं, फक्त टोचतं. पुन्हा वितळवून पटकन थंड करा.

लिंबाचा रस, सुगंधी तेलं यांतलं काही मिसळू नका. फाटलेल्या कातडीला त्यांनी आग होते.

लावायची वेळ रात्रीची. पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, वज्री हलक्या हाताने फिरवा, आणि गुलाबी कातडी दिसायच्या आत थांबा. फार घासलं तर पाय दुरुस्तीसाठी आणखी जाड कातडी करतो, हे बहुतेकांना पटत नाही. टॉवेलने टिपा, चोळू नका. टाच दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांत, प्रत्येक टाचेला चिंचोक्याएवढं मलम भेगेत दाबून बसवा आणि सुती मोजे घाला. सकाळी टाचेला साबण नको. दोन आठवडे रोज, मग एक दिवसाआड.

मधुमेह असेल तर भिजवणं, वज्री आणि कढत मुठेल तिन्ही टाळा. पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, मग भाजलेलं कळत नाही. तेव्हा नुसतं मलम लावायचं. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, बोटांच्या बेचक्यांत खाज असेल, तर आधी डॉक्टर. बुरशीच्या संसर्गावर मलम चोळून काही होत नाही. नव्या माणसाने पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला पाच दिवस लावून बघावं.

मलमात पाणी नसल्याने संरक्षक (टिकवण्याचं रसायन) लागत नाही, पण ओलं बोट डबीत गेलं की तो हिशेब संपला. सोबत कोरडा चमचा ठेवा. डब्या लहान, झाकणबंद, अंधारात ठेवा आणि तीन महिन्यांत संपवा. जुन्या शेंगदाण्यासारखा वास येऊ लागला तर पायाला लावू नका. कोयत्याच्या लाकडी मुठीला चोळा, तिथे करडई चांगली बसते.