धडा वाचून होतो, पण डोक्यात राहत नाही? हे करून बघा

इतिहास-भूगोलाचा धडा मुलं घडाघडा वाचतात, पण पुस्तक मिटून ‘काय कळलं?’ विचारलं की गाडी अडते. वाचण्याआधी मथळ्यांचे प्रश्न करून घ्या.

१. आधी फक्त मथळे, नकाशे आणि चित्रांखालच्या ओळी चाळा.

२. प्रत्येक मथळ्याचा प्रश्न वहीत लिहा. ‘काळी मृदा’ असेल तर ‘काळी मृदा म्हणजे काय?’ नको, त्याचं उत्तर पहिल्याच ओळीत सापडतं नि वाचन तिथंच थांबतं. ‘आपल्या विदर्भात कापूस का पिकतो?’ असं विचारा. मग पोरगं शोधत जातं: बेसाल्ट खडक झिजून झालेली माती, ओल धरून ठेवणारी, वाळली की तडकणारी. मे महिन्यात काटोलकडच्या एखाद्या शेतातल्या भेगा दाखवता आल्या तर फारच छान.

३. पुस्तक मिटून उत्तर मोठ्यानं, स्वतःच्या शब्दांत. घरच्या नागपुरी बोलीत सांगितलं तरी चालते! अडलं तेवढाच परिच्छेद पुन्हा वाचायचा.

खुणा मात्र पेन्सिलनंच, परिच्छेदात दोन-तीन शब्दांखाली. हायलायटरनं अख्खं पान पिवळं केलं तर महत्त्वाचं कोणतं ते कळतच नाही, आणि पुस्तक पुढं धाकट्याच्या कामाचंही राहत नाही.